दादाला दिलेला शब्द

फटफटी पहिल्यांदा गावात आली तेव्हा बैल दावी तोडून पळाले होते आणि गुरवानं देवळाची घंटा बडवून सगळ्यांना गोळा केलं होतं. आता त्याच गावच्या म्हशी तिच्या आवाजाला मानसुद्धा वळवत नव्हत्या. माणसं मात्र वळवत. चांगली जाणती माणसं हातातलं काम ठेवून उभी राहायची आणि ती पुढं गेली की हळूच हात जोडून कपाळाला लावायची. कारण फटफटी मेलेल्या माणसाची होती आणि त्याच्याच हुकमानं चालत होती, असा सगळ्या पंचक्रोशीचा समज होता. सगळ्यात पक्का समज होता तो ती चालवणाऱ्या अर्जुनरावांचा.

गाव मांजरसुंब्यापासून कोसभर आत, डोंगराला टेकून बसलेलं. अर्जुनरावांचे थोरले भाऊ मोहनराव हौशी माणूस. त्यांनी ही फटफटी मुंबईहून आणवली. नगरपर्यंत ती आगगाडीनं आली आणि पुढं बैलगाडीत कडब्यावर निजून. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर शिपायांनी अख्खी दुपार वाद घातला, की जकात जनावराची घ्यायची का यंत्राची. मोहनराव पुढं वर्षभर हा किस्सा मिशीत हसून सांगत. त्याच बैलगाडीत, फटफटीच्या पायथ्याशी, हातानं फिरवायचं शिवणाचं मशीन होतं. ते त्यांनी बायकोसाठी, मुक्ताबाईंसाठी आणलं होतं. त्याचा किस्सा कुणी केला नाही.

अर्जुनरावांना फटफटीचं वेड लागलं होतं, पण मोहनराव हात लावू देत नसत. "आदी हात पूस," म्हणायचे. हात पुसून आले की, "आता लांबून बघ." भावाभावांची थट्टाच ती, पण धाकट्याच्या मनात रुतून बसली होती.

मग पटकीची साथ आली. सकाळी घाट उतरून बीडला गेलेले मोहनराव संध्याकाळी फटफटीवरून परत आले ते भिंतीला धरून घरात शिरले, आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत संपले. फटफटी अंगणात तशीच उभी होती. तिच्यावर कुणी कापडसुद्धा टाकलं नाही.

दहाव्याला सगळं गाव नदीवर जमलं. पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा मागं राहिली आहे; कुणीतरी ती ओळखावी आणि पुरी करायचा शब्द द्यावा, तेव्हाच तो जातो. चुलते म्हणाले, जमिनीची वाटणी होऊ देणार नाही. कावळे ढिम्म. मामा म्हणाले, देवीचा राहिलेला नवस फेडू. तरी ढिम्म. ऊन चढलं, पोरं कुरकुरू लागली, आणि कुणीतरी दर्भाचा कावळा करून उरकून घ्यायची गोष्ट काढली. ती अर्जुनरावांना सोसवेना. आपल्या दादाला गवताच्या कावळ्यावर बोळवायचं?

ते पुढं झाले, हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "दादा, वैनीचा घोर करू नको. तेन्ला काई कमी पडू देनार न्हाई."

कानांत नुसती नदी वाजत होती. पंखांचा आवाज काही आला नाही. दादाचा जीव आणखी कशात होता? आणि मग ते तोंडातून निघूनच गेलं, "तुजी फटफटी बंद पडू देनार न्हाई दादा. म्या हाय तवर न्हाई."

फडफड झाली. डोळे उघडले तर कावळा पिंडावर बसलेला.

सगळ्या गावानं पाहिलं. पुरुषमंडळींनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या, कुणी कौतुकानं हसलंसुद्धा. मोहनरावच तो, मेल्यावरही जीव फटफटीत! बायका मागं काठाच्या उंचवट्यावर पदर ओढून उभ्या होत्या आणि त्यांच्यात मुक्ताबाई होत्या. त्यांच्याकडं त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्जुनराव तर हमसून रडत होते. त्या रडण्यात एक चोरटा आनंद होता, हेही खरं आहे. फटफटी आता त्यांची झाली होती.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. अर्जुनराव रोज सकाळी तिला पुसायचे, तिला ढकलत पळत जायचे, ती धापा टाकत पेटली की टुणकन वर बसायचे आणि घाटापर्यंत जाऊन यायचे. भाद्रपदातल्या पितरपाठात मोहनरावांच्या नावानं माळवदावर पान ठेवलं तर ताट वाढणारीचा हात मागं यायच्या आत कावळा उतरला. गावात वाहवा झाली. शब्द पाळावा तर असा, असं लोक म्हणू लागले.

पुढच्या वर्षी जर्मनची लढाई लागली आणि विलायतेतून येणारी जहाजं बंद झाली. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं की लढाई संपेपर्यंत टायर नाही, पट्टा नाही, खिळासुद्धा नाही. हैदराबादेत माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. फटफटीला मात्र लढाईबिढाई काही कळत नव्हतं. ती आपली दर महिन्याला एक काहीतरी टाकून द्यायची, जसं म्हातारं माणूस दात टाकतं.

अर्जुनरावांनी धुळाजी लोहाराला धरलं. धुळाजीचा जन्म नांगराच्या फाळांत गेलेला, पण त्यालाही या कामाची चटक लागली. पट्टा तुटला तर चांभाराकडून म्हशीच्या कातड्याचा तिपदरी पट्टा शिवून घेतला. टायर फाटलं तर त्यात जुन्या मोटेचं कातडं भरलं. पेट्रोलची टाकी गळू लागली, तेव्हा धुळाजी म्हणाला, "तांब्याचं ठिगळ पायजे मालक. जाड तांबं."

घरात जाड तांब्याचं एकच घंगाळ होतं. ते मुक्ताबाईंनी माहेराहून आणलेलं.

"वैनी," अर्जुनराव दारात उभे राहून म्हणाले, "दादाच्या फटफटीसाटी पायजे व्हतं."

मुक्ताबाईंनी घंगाळातलं पाणी ओतून दिलं, ते पुसलं आणि उंबऱ्यावर आणून ठेवलं. त्या वर्षी पितरपाठातला कावळा दुपार कलल्यावर आला.

अर्जुनरावांनी मनाशी हिशेब लावला की फटफटी आजारी आहे, म्हणून दादा रुसला आहे. तिला आणखी जपलं पाहिजे.

मग ती पावसाळ्यात गोठ्यात भिजायला लागली. मॅग्नेटो म्हणजे तिच्या पोटातली ठिणगी पाडणारी डबी. तिला ओल सोसत नाही. घरात कोरडी आणि बंदिस्त अशी एकच खोली होती, मोहनराव आणि मुक्ताबाईंची. अर्जुनरावांची बायको ताराबाई तोंडाळ होती, पण मनानं सरळ. ती म्हणाली, "माज्या उरावर सवत आनली ती आनली, आता जाऊबाईंच्या खोलीत तिला नांदवता व्हय?" अर्जुनराव तिच्यावर खेकसले. दादाच्या खोलीत दादाची फटफटी राहिली तर दादालाच बरं वाटेल, असं ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना ते मनापासून पटत होतं. मुक्ताबाईंची बाज धान्याच्या कोठीत गेली, जिथं उंदीर आणि कण्यांचा वास. जाताना त्या शिवणाचं मशीन तेवढं दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेल्या.

त्या मशीनवर गावातल्या बायकांच्या चोळ्या आणि तान्ह्या पोरांच्या कुंच्या शिवून होत. विधवा बाईकडं एरवी कोण येतं? पण कोठीच्या दारात दुपारी दोनचार जणी बसलेल्या असायच्या. कुंचीला गोंडा लावता लावता हसण्याचा आवाज यायचा.

मग मॅग्नेटोतली पोलादी पट्टी तुटली. बोटाच्या पेराएवढी, कागदासारखी पातळ. धुळाजीनं ती उलटीपालटी करून पाहिली. "असलं पोलाद नांगरात न्हाई मालक. घड्याळात असंल, न्हाईतर शिवायच्या मशिनीत."

अर्जुनराव कोठीच्या दाराशी गेले. या वेळी त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. मुक्ताबाईंनी मशीन पुढं सरकवलं आणि तोंड फिरवून निवडायला घेतलेल्या डाळीत हात घातला. पट्टी निघाली. मशीन मुकं झालं. थोड्याच दिवसांत कोठीच्या दारात बसणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या.

त्या पितरपाठात कावळा सूर्य बुडता बुडता आला. एकच शीत उचललं आणि उडून गेला.

आणि त्याच सुमाराला ते सुरू झालं. घाट चढताना अर्जुनरावांना वाटे, मागं कुणीतरी आहे. सामान बांधायच्या जाळीवर एकाएकी वजन यायचं, फटफटी दबायची, तिचा आवाज जड व्हायचा. तंबाखूचा वास यायचा, दादा खायचे तसल्या काळ्या तंबाखूचा. अर्जुनराव मागं वळून पाहत नसत. हात दांड्याला चिकटून बसायचे आणि ते पुटपुटत राहायचे, "चालू हाय दादा, बग, चालू हाय." वजन काही उतरायचं नाही. बीडकडं जाताना ते कमी असायचं. घराकडं परतताना, वेशीपासून तर इतकं वाढायचं की फटफटी अंगणात येऊन दादाच्या खोलीच्या दाराशी गचके खात बंदच पडायची. रोज तिथंच. धुळाजीला काही त्यातलं कारण सापडेना.

अर्जुनराव वाळत चालले. जेवताना कान खोलीकडं असायचा. रस्त्यात कावळा ओरडला की दचकून थांबायचे. ताराबाईनं देवऋषी आणला, त्यानं लिंबू फिरवलं आणि सांगितलं की घरात कुणाचातरी शब्द अडकला आहे. ते तर अर्जुनरावांना ठाऊकच होतं. शब्द कोणता, तेही ठाऊक होतं, असं त्यांना वाटत होतं.

लढाई लांबतच गेली. मॅग्नेटोत ठिणगी पाडणारे दोन दाणे असतात, मोहरीएवढे. ते झिजले. धुळाजीनं चांदीचे करून बसवले. चांदी आली ती मुक्ताबाईंच्या जोडव्यांची, विधवा झाल्यावर पायांतून काढून ठेवलेल्या. अर्जुनरावांनीच ती मागून आणली. आता विधवेला जोडवी काय करायची, असं स्वतःला समजावत आणली. चांदीचे दाणे काही महिने चालले आणि जळून काळे पडले.

पुन्हा पितरपाठ आला. मोहनरावांच्या तिथीला फटफटी दादाच्या खोलीत मुकी उभी होती. सकाळी माळवदावर पान ठेवलं, भात, वडा, खीर, गवारीची भाजी, सगळं दादाच्या आवडीचं. आभाळ स्वच्छ होतं, पण त्यांच्या माळवदावर एकही कावळा नव्हता. शेजारच्या माळवदांवर कावळ्यांची झुंबड. अर्जुनरावांच्या पानाकडं कुणी फिरकेना. दुपार झाली. खिरीवर साय धरली. खाली अंगणात धुळाजी कानस घेऊन बसला होता. "चांदी टिकत न्हाई मालक," तो म्हणाला. "येकदा सोनं लावून बगू. गुंजभर बास हाय."

अर्जुनराव कोठीकडं निघाले. ताराबाई आडवी आली. तिनं आपल्या नाकातली नथ काढून पुढं केली. "ही घ्या. पन तिकडं जाऊ नका."

"दादाची फटफटी हाय," अर्जुनराव म्हणाले, "दादाचंच सोनं लागंल." आणि तिला बाजूला करून गेले.

मुक्ताबाई कोठीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याच्या तिथीला विधवेनं पुढं पुढं करायचं नसतं, म्हणून आत. अर्जुनरावांनी हात पुढं केला. मुक्ताबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या. मणी तेव्हाच फोडले होते, या तेवढ्या उरलेल्या. त्यांनी त्या दोन्ही अर्जुनरावांच्या तळहातावर ठेवल्या. सोनं उबदार होतं, अंगाशी बांधलेलं.

"भावजी, येक इचारू?"

"काय?"

"त्या दिशी नदीवर तुमचे डोळे झाकलेले व्हते का उघडे?"

"झाकलेले."

"माजे उघडे व्हते," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, पीठ संपलं सांगावं तसा. "तुमी म्हनलात, वैनीला काई कमी पडू देनार न्हाई. तवाच त्यो बाभळीवरनं उठला. सरळ न्हाई आला. पिंडाम्होरल्या धुरामुळं असंल, नदीच्या अंगानं, तुमच्या पाठीमागनं वळसा घालून आला. त्यो हवेत असताना तुमी फटफटीचं बोललात. आन तवर त्यो बसला."

अर्जुनरावांना एकदम काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि त्यांनी दाराची चौकट धरली. एक वेडा विचार आला, सोनं वाचवायला बाई खोटं बोलते आहे. पण सोनं तर त्यांच्या मुठीत होतं. तिनं ते आधी दिलं होतं आणि मग तोंड उघडलं होतं.

"मंग तवाच कावून न्हाई बोललात? येवडी वर्सं?"

"कपाळ पुसून धा दिस झालते माजं. चारचौगांत म्हनू, कावळा माज्यासाटी उतरला? लोकांनी काय केलं असतं? आन तुमी सगळे किती खूश झालतात." त्यांनी पदराची सुटलेली गाठ बोटांनी सारखी केली. "पैल्यानं वाटायचं, तुमाला कवातरी कळंल. मंग वाटाया लागलं, न्हाई कळलं तरी चालंल. मला ठाव हाय नव्हं, त्यो कशासाटी उठला. तेवढं माज्यापाशी व्हतं. घंगाळ गेलं, खोली गेली, तरी ते व्हतं. पन आज सकाळधरनं त्यो येत न्हाई, भावजी. येकदाबी न आल्यावर मला कसं कळावं, त्यो अजून माजा हाय का न्हाई?"

आता कुठं त्यांचा आवाज फुटला. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

अर्जुनराव उभेच होते. घाटातलं ते मागचं वजन त्यांना आठवलं. वेशीपासून वाढत जाणारं, दादाच्या खोलीच्या दाराशी फटफटी बंद पाडणारं. त्यांना वाटायचं, दादा मागं बसला आहे आणि म्हणतो आहे, चालव. दादा बसलेला नव्हताच. तो ओढून धरत होता. रोज ह्या दारापर्यंत ओढून धरत होता, आणि धाकटा भाऊ "चालू हाय, चालू हाय" म्हणत पुढं रेटत होता. अर्जुनरावांना मुळापासून रडू आलं, आणि लाज अशी वाटली की ते रडू गिळावं लागलं.

त्यांनी वाट्या मुक्ताबाईंच्या पुढ्यात जमिनीवर ठेवल्या आणि बाहेर आले. धुळाजीनं हात पुढं केला. "द्या मालक सोनं."

"सोनं न्हाई. मॅग्नेटो खोल. वैनीच्या मशिनीची पट्टी काड."

धुळाजीनं कानस खाली ठेवली. "ती काडली तर फटफटी पुन्ना चालू व्हायची न्हाई. दुसरी पट्टी कुटं मिळायची न्हाई आता."

"ठाव हाय."

पट्टी निघाली. एका टोकाला धुळाजीनं पूर्वी कानस मारली होती, तेवढी आखूड झाली होती. अर्जुनरावांनी आणि धुळाजीनं मिळून फटफटी खोलीतून बाहेर काढली, अंगण ओलांडून गोठ्यात नेली. ढकलताना ती हलकी होती, मागं कुणी धरलेलं नव्हतं. ताराबाईनं खोली झाडून घेतली आणि जमिनीवरच्या तेलाच्या डागावर शेणाचा हात फिरवला. डाग पुन्हा वर आला. तिनं पुन्हा फिरवला. मग बाज आली, दिवा आला, मशीन आलं. धुळाजीनं खाली वाकून पट्टी बसवली.

"बगा बाई," तो म्हणाला.

मुक्ताबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि चाक फिरवलं. मशीन अडखळलं. पुन्हा फिरवलं, दोन टाके सुटले, आणि मग ते धरून चालू लागलं. बारीक, एकसारखा आवाज घरभर पसरला. ताराबाई दारातच खाली बसली.

अर्जुनराव शिडीनं माळवदावर चढले. ऊन उतरत होतं. पानातला भात वाळून गेला होता. ते पानापासून लांब उभे राहिले आणि सवयीनं हात जोडायला गेले, पण हात खाली सोडले. आता कुठला नवा शब्द द्यायचा होता? जुनाच पडून होता. घंगाळ होतं, जोडवी होती, सगळं भरून द्यायचं होतं. डोळे त्यांनी उघडे ठेवले, पाणी येत होतं तरी उघडे ठेवले.

गोठ्याच्या मागच्या लिंबावरून एक कावळा उठला. तो सरळ आला नाही. त्यानं गोठ्याला वळसा घातला, घराच्या पाठीमागून आला आणि मुक्ताबाईंच्या खोलीवरच्या झरोक्याच्या काठावर बसला. खाली मशीन चालू होतं. कावळ्यानं मान वाकडी करून झरोक्यातून आत बराच वेळ पाहिलं. मग तो उडी मारत पानाकडं आला आणि जेवू लागला.

"वैनी," अर्जुनरावांनी वरूनच हाक मारली, "आला हो."

मशीन थांबलं.